विन्चेन्झो निबाली : तुम्हाला आठवणारी शर्यत कुठली?

मंडळी, इटलीतल्या मेस्सिनाचा सायकलपटू निबाली २०२२ मध्ये निवृत्त झाला. फेलिचे जिमोंदीनंतर तिन्ही ग्रँड टूर (सायकलिंगच्या तीन आठवडे चालणाऱ्या, टप्प्याटप्प्यांच्या मोठ्या शर्यती) जिंकणारा हा दुसराच इटालियन : २०१० ची स्पेनमधली व्हुएल्टा, २०१३ आणि २०१६ चा इटलीतला जिरो, २०१४ ची टूर द फ्रान्स. झाली आकडेवारी, आता तुमचे अनुभव येऊ द्या. माझं मत आधीच सांगतो : त्याच्या शर्यती उतारावर ठरायच्या. पटत नसेल तर भांडा.

शेफील्डकर : भांडतो. २०१४ ची टूर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये सुरू झाली तेव्हा मी इथे शेफील्डलाच नोकरीला होतो. जेन्किन रोडच्या चढावर सकाळपासून जागा धरून उभा. तो छातीवर येणारा चढ निबाली चढला तो घोळक्यातला एक म्हणून. त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नाही. पुढे शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हा सटकला. तो टप्पा दोन सेकंदांनी जिंकून आघाडीवीराची पिवळी जर्सी घेऊन गेला. तिथे हजर असून ते मला रात्री टीव्हीवर बघावं लागलं! उतार कसला, डोकं म्हणा.

घाटवेडा : धागाकर्त्याशी सहमत. २०१६ च्या जिरोत तीन टप्पे उरलेले, निबाली पावणेपाच मिनिटं मागे. आन्येल्लो घाटाच्या उतारावर त्याने असा काही वेग धरला की आघाडीवीराच्या गुलाबी जर्सीतला क्राउस्वाइक वळण चुकून बर्फाच्या भिंतीवर आदळला. निबालीने रिझूलला टप्पा जिंकला, रडला, दुसऱ्या दिवशी, आता आघाडीवर आलेल्या शावेसकडून जर्सीही काढून घेतली. मी ताम्हिणी उतरताना ब्रेकवरचा हात काढत नाही, म्हणून जास्तच भारावलो असेन.

काटेकोर : आरती पुरे. २०१५ च्या व्हुएल्टात संघाच्या गाडीला धरून पुढे गेला म्हणून त्याला हाकलला होता. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. मी तेव्हाच त्याच्यावर फुली मारली.

घाटवेडा : आणि त्याच वर्षी चिविल्योचा चढ उतरून लोम्बार्दिया ही इटलीतली एक दिवसाची शर्यत जिंकली, ती?

काटेकोर : ती पाहिली. फुली अर्धी पुसली.

रात्रपाळी : रिओ ऑलिम्पिक, २०१६. पदक जवळपास हातात होतं आणि व्हिस्ता शिनेझाच्या उतारावर पडला, कॉलरबोन मोडलं. मी टीव्हीच बंद केला. पण २०१८ ची मिलान-सान रेमो पाहून ते दुःख फिटलं. जवळपास ३०० किलोमीटरची, स्प्रिंटर्सची (शेवटी सुसाट धावणाऱ्यांची) मानली जाणारी एक दिवसाची शर्यत. हा शेवटच्या, पोज्योच्या चढावर सुटला, खाली सुसाट उतरला, आणि मागे सगळा जथा अंगावर येत असताना रेषेआधी हात वर करायलाही त्याला सवड मिळाली. धागाकर्ते आणि शेफील्डकर, उतार की डोकं, यात तुम्ही दोघेही अर्धे बरोबर.