विषय: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाच्या कामाचा नाही, पण आपल्यात होडी चालवणारे काही जण आहेत असं ऐकून आहे, म्हणून विचारतोय.

साधारण 15 फुटी, दोन शिडांची एक जुनी होडी घेतली आहे. पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, कळलं. घोडं अडलंय ते मेनसेल, म्हणजे मोठ्या शिडापाशी. होडी बरीच वर्षं झाकून पडली होती, आधीच्या मालकांना काही आठवत नाही आणि माहितीपुस्तिका नाही. डोलकाठी उभी राहते, बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, तिला अडकवता येतो. पुढे सगळा अंधार.

सामानात एक मोठं तिकोनी शीड आहे, त्याच्या एका कडेला जाड दोर शिवलेला. लवचिक पट्ट्यांची एक पिशवी आहे, पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या. कप्प्यांचे दोन जोड, एक मोठा आणि एक छोटा. डोलकाठीवरून येणारा दोर अर्धा पोलादी तारेचा आणि अर्धा सुताचा आहे, हे काय प्रकरण? डोलकाठीच्या खालच्या भागात करवतीसारखे दाते असलेली एक धातूची पट्टी आहे, तिला काहीच जोडलेलं नाही. शिडाच्या खालच्या कोपऱ्याच्या जरा वर एक जादा भोक आहे. आणि डोलकाठीवर आणि बूमवर काळे पट्टे रंगवलेले आहेत, ते निव्वळ शोभेचे का?

फोटो जोडले आहेत. इंटरनेटवर आकृत्या ढिगाने मिळाल्या, पण प्रत्येक आकृतीत दोर वेगळ्याच वाटेने जातो.

आपला,
अजून कोरडाच असलेला नाविक

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

सर्वांना विनंती: फोटो लहान करून पाठवावेत. आत्ताच्या मेलने अर्ध्या लोकांच्या पेट्या भरल्या. बाकी चालू द्या, वाचायला मजा येते आहे.

(यादीची व्यवस्था बघणारा)

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

अरे नाविका,

मी जन्मभर मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. शिडाचा आणि माझा संबंध नाही, पण दोर, कप्पी आणि शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) सगळीकडे सारखेच. माझं ऐकशील तर जुने दोर सगळे काढून फेक आणि नवे आण. जुन्या दोराचा भरवसा नसतो, तो नेमका भर वाऱ्यात तुटतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून बघ. विजेच्या तारा असतील तर तिथे होडी आणायचीच नाही. अ‍ॅल्युमिनियमची काठी वीज वाहून नेते, स्पर्श व्हायची गरजही नसते, नुसती जवळ गेली तरी पुरे. चाकांच्या गाडीवर होडी काठी उभी ठेवून ढकलत नेतानाही हेच. फोटोत मागे एक खांब दिसतोय, म्हणून लिहिलं.

काका

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

काकांची विजेच्या तारांची गोष्ट सोळा आणे खरी. दोर फेकायच्या सल्ल्याला मात्र माझा विरोध आहे. निदान आत्ता तरी एकही दोर ओढून काढू नका. काठीच्या आतून गेलेला दोर बाहेर आला की परत घालायला काठी आडवी करून आतून सुतळी सरकवत बसावं लागतं. नवा दोर घालायचाच असेल तर त्याचं टोक जुन्याच्या टोकाला समोरासमोर ठेवून सुईदोऱ्याने शिवा, वरून चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळा आणि जुना ओढा, नवा आपोआप जागेवर येतो. गाठ मारू नका, गाठ कप्पीत अडकते.

आता मूळ प्रश्न. आकृत्या बाजूला ठेवा, कारण त्या तुमच्या होडीच्या नाहीत. ही होडी पूर्वी चालत होती ना? मग प्रत्येक दोर कुठून जायचा याची झीज तिच्या अंगावर आहे. दोर जिथून बाहेर पडायचा तिथे अ‍ॅल्युमिनियम चकचकीत घासलेलं असतं, बाकीचं मळकट राखाडी. जिथे क्लीट, म्हणजे दोर घट्ट पकडून ठेवणारी खुंटी, काढून टाकला आहे तिथे रिव्हेटची रिकामी भोकं असतात. दोरसुद्धा बघा: क्लीटचे दात जिथे रोज चावायचे तिथे दोर चपटा, केसाळ आणि बोटाला कडक लागतो. तो भाग क्लीटपाशी धरा, म्हणजे दोराची नेहमीची ताणलेली स्थिती कळते आणि पलीकडचं टोक कुठे पोचायला हवं तेही कळतं. फोटोत बूमच्या मागच्या टोकाला बाजूने एक छोटी कप्पी आणि खाली मध्यावर क्लीट दिसतोय. तो आउटहॉल, शिडाचा मागचा कोपरा मागे ताणणारा दोर. त्याबद्दल मला शंका नाही.

आधी शीड गवतावर पसरा आणि कोपरे ओळखा. सगळ्यात निमुळता कोपरा म्हणजे हेड, तो वर. ज्या कडेला पट्ट्यांचे खिसे आहेत ती मागची कड, लीच. दोर शिवलेली लांब कड म्हणजे लफ, ती डोलकाठीच्या खाचेत जाते. लफ आणि तळाची कड मिळतात तो कोपरा जवळजवळ काटकोनी असतो, तो टॅक, पुढचा. उरला तो क्ल्यू, मागचा. कोपऱ्यांवर मार्करने नावं लिहून टाका, शिडाला काही होत नाही आणि वाऱ्यात उभं राहून डोकं चालवावं लागत नाही.

तळाच्या कडेलाही दोर शिवलेला असेल तर ती कड बूमच्या खाचेत पुढून मागे सरकवायची. नसेल तर फक्त दोन कोपरे बांधायचे, मधली कड मोकळी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. टॅक बूमच्या पुढच्या टोकाला पिनने अडकवा, क्ल्यूला आउटहॉल बांधा.

त्या पट्ट्या म्हणजे बॅटन. प्रत्येक खिशाची लांबी वेगळी, बॅटन त्या खिशापेक्षा किंचित आखूड. एक टोक पातळ आणि जास्त वाकणारं असेल तर ते आत, डोलकाठीच्या बाजूला. खिशाचं तोंड तिरकं शिवलेलं असतं: बॅटन पूर्ण आत ढकलायची आणि मग तिचं मागचं टोक खाली किंवा वर सरकवून कापडामागे लपवायचं. नुसती सरळ घुसवली तर पहिल्याच फडफडीत पाण्यात.

कप्प्यांचे जोड: मोठा म्हणजे मेनशीट, बूम आत-बाहेर करणारा दोर, तो हातात असतो. छोटा म्हणजे व्हँग, बूमच्या पुढच्या भागापासून डोलकाठीच्या पायापर्यंत तिरका लागतो आणि बूमला वर उचलू देत नाही. खात्री करायची असेल तर बूम डोलकाठीला बाजूने धरून ठेवणाऱ्या तारेला टेकेपर्यंत बाहेर ढकला. त्या स्थितीतही ज्याचा दोर पुरून हातात थोडा उरतो तो मेनशीट. दोराच्या मोकळ्या टोकाला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारा, नाहीतर जोराच्या झोतात तो कप्पीतून सुटून जातो.

जादा भोकाला कनिंगहॅम म्हणतात. 1958 च्या अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ‘कोलंबिया’ ही नौका जिंकली, तिचे कप्तान ब्रिग्ज कनिंगहॅम, त्यांची ही युक्ती. शीड वर टोकापर्यंत चढलेलं असताना लफ आणखी ताणायची तर वर जागाच नाही, म्हणून खालून ओढायची. त्या भोकातून एक बारीक दोर घालून खाली क्लीटला न्या. हलक्या वाऱ्यात त्याला हातही लावू नका.

तारेच्या दोराबद्दल उद्या लिहिते, तो वेगळाच विषय आहे.

ताई

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

ताई, काय सांगू! आउटहॉलच्या जागी खरंच ॲल्युमिनियम चकाकतंय. बूमच्या खाली व्हँगचीही कडी सापडली, तिच्याभोवती गोल घासलेलं आहे.

काका, तारा तपासल्या, होडी दुसरीकडे हलवली.

आता दोन शंका. एक, लीचच्या शिवणीतून एक अगदी बारीक दोरी बाहेर आली आहे, टोकाला बटणाएवढा क्लीट. दुसरी, शिडाच्या मध्याखाली आडव्या रांगेत भोकं आहेत. त्या सगळ्यांत दोर ओवायचा का?

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

बारीक दोरी म्हणजे लीचलाइन. मागची कड फुरफुरत असेल तर फुरफुर थांबेल इतकीच ओढायची. जास्त ओढली तर कड आत वळते आणि होडी मंदावते. सध्या पूर्ण सैल ठेवा.

भोकांची रांग रीफसाठी, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करण्यासाठी. त्यातली दोन टोकांची मोठी भोकं ताण घेतात: ती नवी टॅक आणि नवा क्ल्यू. मधली छोटी भोकं फक्त खाली लोंबणारं कापड गुंडाळून बांधायला. मधल्या दोऱ्या आवळून बांधल्या आणि टोकं सैल राहिली तर शीड त्या भोकांपासून उभं फाटतं. म्हणून बांधताना टोकं आधी, सोडताना मधल्या आधी.

आता तार. जुन्या छोट्या होड्यांवर हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवणारा दोर, असा अर्धा-अर्धा असायचा. तार ताणत नाही म्हणून शिडाकडची बाजू तारेची, आणि तार हातात धरवत नाही म्हणून ओढायचा भाग सुताचा. शीड पूर्ण वर गेलं की तारेच्या टोकाचा फास डोलकाठीच्या पायथ्याशी येतो. तुमची ती करवतीसारखी पट्टी त्याचसाठी आहे: फास ज्या दाताला पोचेल त्यात अडकवायचा. सुताचा भाग मग कामाचा राहत नाही, गुंडाळून ठेवायचा.

काकांच्या सांगण्यावरून संपूर्ण नवा दोर घालायचा मोह होईल. त्याआधी वरच्या टोकाचं चाक बघा. तारेसाठी केलेल्या चाकाची खाच अरुंद असते. जाड दोर त्यात बसत नाही, बाजूला घसरून चाक आणि भिंतीच्या मधल्या फटीत रुततो. मग शीड वरच अडकतं, आणि वारा असताना खाली न येणारं शीड ही होडीवरची सगळ्यात वाईट गोष्ट. दोर घालायचा तर चाकही बदलावं लागतं. तार चांगली असेल तर ठेवा. फडकं धरून तिच्यावरून हात फिरवा, फडकं कुठे अडकलं तर तिथे तंतू तुटला आहे, तार बाद.

नवा दोर घेतलाच तर पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन ताणतो, तो नांगराला चांगला, हॅलयार्डला नाही.

काळे पट्टे शोभेचे नाहीत. शर्यतीच्या मोजमापाचे आहेत: शिडाचं डोकं वरच्या पट्ट्याच्या खालच्या कडेपलीकडे जायचं नाही, क्ल्यू बूमवरच्या पट्ट्याच्या पुढच्या कडेच्या मागे जायचा नाही. शर्यत करायची नसली तरी शीड साधारण कुठवर पोचायला हवं ते यावरून कळतं. पट्ट्याच्या बरंच खाली राहिलं तर शिवलेला दोर वयोमानाने आक्रसला असेल, किंवा हे शीड या होडीचं नाहीच. वापरलेल्या होड्यांत दुसरीही शक्यता बरीच असते.

एक परीक्षा राहिली. कापड मजबूत दिसतं, पण उन्हाने आधी शिवण मरते. नखाने टाके खरवडून बघा. धागा पिठासारखा सुटला तर पाण्यात जायच्या आधी ते शीड शिवणाऱ्याकडे.

ताई

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

चाकाचं ठाऊक नव्हतं. दोर फेकायचा सल्ला तारेपुरता मागे. बाकी सुताचे दोर बदलच.

काका

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

मंडळी, जमिनीवर शीड चढलं! वारा मंद होता, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे केली होती, मेनशीट आणि व्हँग पूर्ण सैल. वर पट्ट्याच्या बोटभर खाली पोचलं आणि तारेचा फास दुसऱ्या दाताला बसला. टाके नखाने खरवडले, फक्त सर्वांत वरच्या बॅटनच्या खिशाचे सुटले.

पण लफच्या कडेला आडव्या सुरकुत्या आहेत, आणि तळाला बूमपासून वर जाणाऱ्या छोट्या उभ्या. शीड खराब आहे का?

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

खराब नाही, सैल आहे. लफपासून निघणाऱ्या आडव्या सुरकुत्या म्हणजे लफला ताण कमी: फास आणखी एक दात खाली घ्या किंवा कनिंगहॅम जरा ओढा. तळाच्या उभ्या सुरकुत्या म्हणजे आउटहॉल सैल. दोन्ही सुरकुत्या जेमतेम जातील इतकंच ताणा. उलट लफच्या शेजारी उभी पन्हाळ पडली, किंवा तळाला बूमच्या लांबीने घडी आली, तर जास्त झालं. वारा वाढला की ताण वाढवायचा, शीड सपाट होतं आणि होडी कमी कलते.

उतरवताना बूम एका हाताने धरा. तुमच्या बूमला वरून धरणारा दोर दिसत नाही, म्हणजे शीड सुटलं की बूम थेट डोक्यावर.

तो खिसा शिवून आल्यावर पाण्यात जा. पहिल्या खेपेला जिब घरी ठेवा आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असेल असा दिवस निवडा, म्हणजे काही बिघडलंच तर तो तुम्हाला परत आणून सोडेल.

ताई

*

विषय: उत्तर: मेनसेलचे दोर, कुठला कुठे?

सगळ्या शॅकलना पक्कडीने एकेक पीळ जास्त दे आणि पिनांच्या रिंगांवर चिकटपट्टी लाव. आणि लाइफ जॅकेट घरून निघतानाच गाडीत टाक.

काका