मदत हवी आहे: गाडीला जादा दिवे लावलेत, रिले टिकटिकतोय

राम राम मंडळी. पावसाळ्यात बामणोलीकडून रात्री साताऱ्याला परतताना कासपासून यवतेश्वरपर्यंत धुकं इतकं असतं की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही. म्हणून १५० सीसीच्या जुन्या गाडीला पिवळ्या एलईडीचे २० वॅटचे दोन दिवे लावले, क्रॅश गार्डवर, खाली आणि डावीकडे झुकवून.

जोडणी अशी आहे: बॅटरीच्या प्लसवरून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून चार पिनचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच (३० नंबरच्या पिनला प्लस, ८७ वरून दिवे). रिले चालू करणाऱ्या कॉइलच्या पिनांपैकी ८६ ला पार्किंग लाइटच्या वायरीवरून हँडलवरच्या स्विचमार्गे सप्लाय, ८५ चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) अर्थ.

अडचण ही की गाडी आयडलला आली की रिले टिकटिकतो आणि दिवे लुकलुकतात. घाटातल्या वळणावर असं झालं की छातीत धस्स होतं. दिवे चालू असताना बॅटरीवर आयडलला १२.२ व्होल्ट, रेस केल्यावर १३.७. पण रेस असतानाही दिव्यापाशी ११.२ च भरतात.

रिले बदलून पाहिला, फरक नाही. दिवे थेट बॅटरीला जोडले तर अजिबात लुकलुकत नाहीत. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीचीच आहे. मूळ वायरिंग कापायचं नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून वेगळा स्विच हवाच.

अडीच व्होल्ट नेमके कुठे गळतायत, फ्यूज होल्डरमध्ये की दिव्यांच्या चेसिसवरच्या अर्थमध्ये? आणि ८६ ला पार्किंगऐवजी इग्निशनचा सप्लाय दिला तर टिकटिक थांबेल का?