१/१६ टायगर : झिमेरिटचा लेप अख्खा सुटून आला, काय चुकलं?

खारीगाव_वर्कशॉप (ठाणे)

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने १/१६ प्रमाणातलं टायगर १ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल बांधतोय. शेवटच्या काळातला, पोलादी चाकांचा. तोफेच्या टोकापासून मागच्या पत्र्यापर्यंत जवळजवळ ५३ सेंटिमीटर, रुंदी २३. आईने शोकेसचा खालचा कप्पा त्याच्यासाठी रिकामा करून दिलाय.

आतापर्यंत काम मनासारखं झालं. चाकं बसली, वेल्डिंगचे सांधे केले (प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर ताणून बारीक केली, प्लॅस्टिक जोडायच्या सिमेंटने मऊ केली आणि सुरीच्या टोकाने चंद्रकोरी दाबल्या). अडलोय झिमेरिटवर, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यावर लावायच्या रेघांच्या लेपावर. हार्डवेअरच्या दुकानातून दोन भागांची इपॉक्सी लांबी (पुट्टी) आणली, नीट मळली, ओट्यावर टाल्कम पावडर भुरभुरून पोळीसारखी लाटली, साधारण १ मिलिमीटर. ती डाव्या बाजूवर चिकटवली आणि हॅक्सॉचं पातं ओढून रेघा काढल्या. दिसायला झकास. चौथ्या दिवशी कडेला नख लागलं आणि हातभर पट्टा सालीसारखा सुटून हातात आला. उजवी बाजूही पोकळ वाजतेय.

काय चुकलं? आणि सगळं खरवडून झिमेरिटशिवायच रंगवला तर चालेल का?

रणगाडा_नाशिक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. पोलादी चाकांच्या टायगरला झिमेरिट नाही, हे जुळत नाही. कारखान्यात लेप लावायला १९४३ च्या उन्हाळ्याअखेर सुरुवात झाली आणि तो थांबवण्याचा हुकूम सप्टेंबर १९४४ चा. पोलादी चाकं आली फेब्रुवारी १९४४ मध्ये, आणि टायगर १ चं उत्पादनच ऑगस्ट १९४४ ला संपलं. म्हणजे तुमचा रणगाडा कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून बाहेर पडला तो लेप लावूनच.

लेप नकोच असेल तर ट्युनिशियातला सुरुवातीचा टायगर करावा लागेल. पण त्याला रबरी धावेची चाकं, एका बाजूला १६ ऐवजी २४, आणि मागे एअर फिल्टरचे डबे. सात महिन्यांचं काम मोडावं लागेल. मोडू नका.

थापी_आणि_ओळंबा (कोल्हापूर)

वयाने मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो. माझी तीस वर्षं बांधकामावर गेली, त्यामुळे तुझं दुखणं वाचताक्षणी कळलं. झिमेरिट हा गिलावा आहे. त्याला गिलाव्याचेच नियम लागतात.

पहिली चूक पावडर. ओट्यावर भुरभुरलेली पावडर पोळीच्या खालच्या अंगाला लागली आणि तेच अंग तू प्लॅस्टिकवर टेकवलंस. धुळीवर गिलावा कधी धरत नाही. शिवाय साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर तेलकटपणा असतो. तो भांड्यांच्या साबणाने धुतला होतास का?

दुसरी चूक म्हणजे टाचे मारले नाहीस, म्हणजे पकडीसाठी खाचा पाडल्या नाहीस. गुळगुळीत काँक्रीटला आम्ही आधी टाचे मारतो, मगच माल लावतो. जर्मन कामगारही तेच करत. प्रायमरवर पहिला थर द्यायचे, थापीच्या कडेने त्यावर चौकटी पाडायचे, तो वाळला की वर दुसरा पातळ थर, त्यात रेघा, आणि शेवटी ब्लोलँप फिरवून सुकवणं. माल होता बेरियम सल्फेट, झिंक सल्फाइड, पिवळी माती, लाकडाचा भुसा आणि धरून ठेवायला पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे सुताराच्या पांढऱ्या डिंकाच्या कुळातलाच. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आपलेपणा वाटला होता.

तिसरी चूक जाडीची. तुझा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर १६. एवढा तर घराच्या बाहेरच्या भिंतीचा गिलावा असतो! खरा लेप काही मिलिमीटरच होता. चुंबकी सुरुंग आणि पोलाद यांच्यात अंतर राहावं एवढंच त्याचं काम. तुला पाव ते तृतीयांश मिलिमीटर पुरे.

आता माझी पद्धत. सगळं खरवड. साबणाने धू, वाळव, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने आडवं-उभं घास, चमक पूर्ण गेली पाहिजे. सुपारीएवढीच लांबी मळ आणि ओल्या अंगठ्याने दाबत तळहाताएवढ्या जागेवर पसर. लाटायची नाहीच. खालचं प्लॅस्टिक अंधुक दिसायला लागलं की जाडी बरोबर.

आणि पातं ओढू नकोस. ओढलं की रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते. टायगरच्या फोटोंत आखूड आडव्या रेघा एकाखाली एक दिसतात, त्यांच्या उभ्या रांगा, आणि दोन रांगांच्या मध्ये शिवण. ५ मिलिमीटर रुंदीचा स्क्रूड्रायव्हर घे, टोक पाण्यात बुडव आणि वरून खाली दाबत ये. दाब, उचल, दाब, उचल. एका बाजूला मला दोन रविवार लागले. रांग कुठे थोडी तिरकी गेली तर तशीच ठेव. माणसाने हाताने केलेलं काम आहे ते, दिवसभर उभा राहून.

डॉर्सेटजवळचा_मराठी

काकांच्या प्रतिसादाला एक जोड. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये जगप्रसिद्ध टायगर १३१ आहे, पण तो १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला, त्यावर लेप नाही. लेप बघायचा तर तिथला यागटायगर (टायगरच्याच घराण्यातली जर्मन रणगाडाविरोधी गाडी) बघावा. मी त्याच्यासमोर पाऊण तास उभा होतो. रेघांची खोली सगळीकडे सारखी नाही, कुठे ठसठशीत, कुठे हात हलका पडलेला.

टवके काढणार असाल तर कड रंगवताना मधे पिवळट मातीचा रंग दिसू द्या आणि तळाशी तांबूस प्रायमर. मूळ गडद पिवळ्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे बहुतेक वेळा पथकातच मारलेले असत, त्यामुळे तिथे हात मोकळा सोडायला हरकत नाही. वरच्या आडव्या पत्र्यांना मात्र लेप लावू नका.

खारीगाव_वर्कशॉप (ठाणे)

काका, साबणाने धुतलं नव्हतं. पावडरचं तर डोक्यातच आलं नाही. काल रात्री उजवी बाजूही नुसत्या बोटाने निघाली, खाली पावडरचा पांढरा थर स्पष्ट दिसत होता.

एकच शंका. ठाण्यात सध्या सतत पाऊस आहे. लांबी अर्ध्या तासाच्या आत घट्ट व्हायला लागते आणि रेघा फाटतात. पाणी जास्त लावू का?

थापी_आणि_ओळंबा (कोल्हापूर)

पाणी वाढवू नकोस, पकड कमी होईल. एका वेळी माल कमी मळ. सुपारीची अर्धी सुपारी कर, जागाही तेवढीच घे, आणि जोड नेहमी दोन रांगांच्या शिवणीवर आण म्हणजे दिसणार नाही. सुरुवात मागच्या पत्र्यापासून कर. तिथे धुराड्यांच्या आड पहिल्या दिवसाचा हात झाकला जातो. तेवढा झाला की फोटो टाक, मग बाजूला हात घाल.