भोपळा कापताना सुरी मध्येच अडकते, तुम्ही नेमका कसा कापता?

पानफूल:
लाल भोपळा आणि बटरनट (लांब मानेचा, फिकट सालीचा भोपळा) दोन्ही मला मनापासून आवडतात पण कापायची वेळ आली की हातपाय गळतात. मागच्या आठवड्यात अख्खा भोपळा ओट्यावर ठेवला, देठाच्या बाजूने सुरी घातली, दोन बोटं आत गेली आणि तिथेच रुतून बसली. ना पुढे ना मागे. मी जोर लावून ओढली तर भोपळाच सुरीबरोबर उचलला गेला आणि मग एकदम सुटून पातं अंगठ्याला घासून गेलं. जखम छोटीच आहे, पण तेव्हापासून भीती बसलीये.
आत्ता घरात साधारण तीन किलोचा खाचांचा एक लाल भोपळा आणि एक बटरनट आहे. सुरुवात कुठून करायची, साल आधी काढायची की फोडी केल्यावर, आणि मायक्रोवेव्हमध्ये आधी गरम करतात असं ऐकलंय त्याचा खरंच उपयोग होतो का? अजून एक, बटरनट सोलल्यावर माझ्या तळहाताची कातडी ताणल्यासारखी होते, वर पातळ पापुद्रा धरल्यासारखं वाटतं आणि धुऊनही जात नाही. हे फक्त मलाच होतं का?

दुपारचा_चहा:
आधी अंगठा नीट बरा होऊ द्या, भोपळा कुठे पळत नाहीये. अख्खा, न चिरलेला भोपळा कोरड्या गार जागी महिना दोन महिने आरामात राहतो.
आता कापण्याचं. तुमची ताकद कमी पडत नाहीये, भोपळा गोल आहे हीच खरी अडचण आहे. गोल वस्तू सुरीखाली डुगडुगते, मग आपण डाव्या हाताने ती घट्ट दाबून धरतो, आणि सुरी सटकली की पहिला तोच हात सापडतो. म्हणून मी भोपळ्याला आधी बसायला सपाट बूड करून देते. खालून अर्धा पाऊण इंच जाडीची चकती उडवायची, ती बाजू पाटावर टेकवायची की तो हलत नाही. पाटाखाली ओलं फडकं घडी करून घालायचं, नाहीतर भोपळा स्थिर आणि पाट फिरतोय असं होतं.
देठातून सुरी कधीच घालू नका. पिकलेल्या भोपळ्याचा देठ लाकडासारखा झालेला असतो, तिथे कुठलीच सुरी चालत नाही. देठाच्या शेजारी, थोडं बाजूला सुरीचं टोक टेकवायचं आणि खाचेतून खाली यायचं. दोन फुगवट्यांच्या मधली जी खोलगट रेष असते ना, ती पातं आपोआप सरळ धरते. एका दमात आरपार जायचा हट्ट करायचा नाही, टोक आत गेलं की मूठ हळूहळू खाली दाबायची, भोपळा फिरवायचा, दुसऱ्या बाजूने तसंच करायचं, आणि दोन्ही चिरा तळाशी भेटल्या की हाताने धरून फाकवायचा. देठापाशी थोडा भाग जोडलेला राहिला तरी फाकवताना तो कट्कन मोडतो.
सुरी मात्र लांब, जड पात्याची आणि धार असलेली हवी. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि जास्त जोरातच ती सटकते. फळं कापायची छोटी सुरी इथे वापरूच नका. आणि पुन्हा अडकलीच तर वर ओढू नका, तुमच्या अंगठ्याचं तेच झालंय. मूठ हलकेच पुढे मागे डोलवायची, पातं सैल होतं. नाहीतर पात्याच्या पाठीवर रबरी हातोडी हळू हळू मारत खाली जायचं, लोखंडी हातोडी नको, पातं खराब होतं.

साखरझोप:
वरचं सगळं बरोबर आहे पण मी हल्ली कच्चा भोपळा कापतच नाही. सूप किंवा मॅश करायचं असेल तर अख्खा भोपळा चार पाच ठिकाणी सुरीच्या टोकाने खोल टोचायचा (टोचायचं विसरू नका, आत वाफ कोंडली तर फुटतो) आणि ट्रेवर ठेवून 200 डिग्रीला ओव्हनमध्ये घालायचा. बटरनटला तासभर, तुमच्या तीन किलोच्या भोपळ्याला त्याहून बराच जास्त वेळ लागेल, सुरी विनासायास आत गेली की झाला. मग लोण्यासारखा कापला जातो, बिया चमच्याने निघतात, साल हाताने सोलून येते. थंड होऊ द्या फक्त, आतली वाफ भाजते.
फोडीच हव्या असतील तर मायक्रोवेव्ह. टोचून दोन तीन मिनिटं, तेवढंच. साल मऊ पडते आणि गर बऱ्यापैकी कच्चाच राहतो. तीन किलोचा आत मावणारच नाही, त्यामुळे ही युक्ती बटरनटसाठी.

दुपारचा_चहा:
मायक्रोवेव्हबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. तीनाचे पाच मिनिटं झाले की सालीलगतचा गर शिजतो आणि मधला कच्चा राहतो, मग त्या फोडी भाजायला घेतल्या की कडा विरघळतात. भाजीत एक वेळ चालेल पण कडा खरपूस हव्या असतील तर कच्च्याच कापा. 2 सेंमीच्या फोडी, तेल चोळून, ट्रेमध्ये सुट्ट्या सुट्ट्या पसरून 200 डिग्रीला 25 ते 30 मिनिटं. एकावर एक पडल्या तर भाजत नाहीत, वाफेवर शिजतात.

साखरझोप:
हे पटलं. पाच मिनिटं मीही कधी ठेवत नाही.

कोरा_कागद:
बटरनटबद्दल लिहितो कारण त्याची पद्धत वेगळी आहे आणि आमच्याकडे तोच जास्त येतो. देठाकडचा आणि बुडाचा भाग उडवायचा, मग जिथे सरळ मान संपून फुगीर पोट सुरू होतं तिथे आडवा कापायचा. दोन तुकडे झाले की अर्धं काम झालं. मान आतून भरीव असते, बिया सगळ्या पोटात. त्यामुळे छान एकसारख्या फोडी मानेच्या निघतात आणि पोटाचा भाग मी सूपला ठेवतो.
साल मी फोडी करायच्या आधीच काढतो, तुकडा उभा ठेवून वरून खाली पीलर फिरवायचा. एकदा साल निघाली की खाली फिकट थर दिसतो आणि त्यात हिरवट रेघा असतात, बरेच जण तिथे थांबतात. तो थर शिजल्यावरही चिवट लागतो, पुन्हा एकदा पीलर फिरवा, गडद नारिंगी रंग लागेपर्यंत. खाचांच्या लाल भोपळ्याला मात्र पीलर लावत बसू नका, खाचेत तो पोचतच नाही. खाचेवरून लांब फाका करा, फाक आडवी ठेवून सुरीने साल तासा. किंवा सालासकट मोठे तुकडे करून कुकरला एखाद दोन शिट्ट्या द्या, साल नंतर चमच्याने सुटते.
आणि प्रत्येकाची साल काढायची गरजही नसते. काबोचा आणि डेलिकाटा या भोपळ्याच्या जातींची साल शिजल्यावर मऊ होते, खाता येते. स्पॅगेटी स्क्वॉश (ज्याचा गर शिजल्यावर शेवयांसारखा सुटतो तो भोपळा) मिळाला तर तो उभा न चिरता आडवा, गोल चकत्यांसारखा कापा, त्याचे धागे पोटाभोवती गोल फिरलेले असतात, उभा कापला की सगळे अर्धे होतात.
हाताचं विचारलंत ते फक्त तुम्हाला होत नाही. कच्चा बटरनट कापला की सालीखालून चिकट रस पाझरतो, तो वाळला की कातडीवर पापुद्रा धरतो, काहींची कातडी लाल होते आणि सोलवटतेसुद्धा. हातमोजे घालून कापा. तेल लावून कापणाऱ्यांना मी सांगेन की नका, तेलकट हातात सुरी म्हणजे नवीन संकट. फार लाल झालं, खाज किंवा फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

ओला_कागद_नाही:
बियांचं कोणी बोललं नाही म्हणून. बिया आणि दोऱ्यांची जाळी काढायला साध्या चमच्यापेक्षा आइस्क्रीमचा स्कूप चांगला, त्याची कड धारदार असते आणि जाळी मुळापासून खरवडली जाते. जाळी राहिली की सूप दोरेदार होतं. बिया टाकू नका, पाण्यात चोळल्या की गर खाली बसतो आणि बिया वर तरंगतात, पुसून अगदी कोरड्या करा, तेल मीठ लावून 150 डिग्रीला वीसेक मिनिटं, मध्ये एकदा हलवायच्या.
एक महत्त्वाचं. कापल्यावर कच्च्या गराचा बारीकसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा भोपळा फेका, मसाले घालून वाचवायला जाऊ नका. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि उलट्या, पोटात मुरडा, जुलाब होतात. घरच्या बियांपासून उगवलेल्या वेलीचा असेल तर आवर्जून चाखा, शेजारच्या शोभेच्या भोपळ्याचं परागीकरण झालेलं असू शकतं.

पानफूल:
मंडळी, आज दोन्ही कापले!! लाल भोपळ्याला आधी बूड करून घेतलं आणि खाचेतून गेले, सुरी एकदाच थांबली, मूठ डोलवली तर सुटली, विश्वासच बसेना. डावा हात पूर्ण वेळ पात्याच्या मागे ठेवला. बटरनटला दोन मिनिटं मायक्रोवेव्ह, मान वेगळी केली, मोजे घालून सोलला, हात एकदम ठीक आहेत. तो हिरव्या रेघांचा थर मी आजपर्यंत तसाच ठेवायचे, आता कळलं माझ्या फोडी चिवट का लागायच्या. चाखूनही बघितला, गोड आहे.
पण लाल भोपळा अर्ध्याहून जास्त उरलाय, तो किती दिवस टिकेल?

दुपारचा_चहा:
वा, खूप बरं वाटलं वाचून. उरलेल्यातल्या बिया आणि जाळी आजच पूर्ण काढा, सडायला सुरुवात तिथूनच होते. कापलेली बाजू घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये, चार पाच दिवसांत संपवा. बुळबुळीत लागला किंवा बुरशी दिसली तर फेकून द्या. तेवढ्यात संपणार नसेल तर शिजवून, घोटून, पूर्ण गार करून छोट्या डब्यांत फ्रीझरला टाका, डबा काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतो. आणि पुढच्या वेळी आणलेला अख्खा भोपळा मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, 10 डिग्रीच्या खाली तो आतून खराब व्हायला लागतो, बाहेर कोरड्या हवेशीर जागी ठेवा आणि देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथूनच कुज आत शिरते.

पानफूल:
शिजवून फ्रीझरलाच टाकते, कुकर लावलाय आत्ताच.