मदत हवी आहे: वायफायवरून घरातलाच डेस्कटॉप सापडत नाही

नमस्कार मंडळी. आई बचत गटाचे हिशेब वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर ठेवते. ती अडली की मी खालून लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या संगणकाचा पडदा इथूनच चालवायची विंडोजची सोय) जोडायला बघतो. डेस्कटॉपवर विंडोज ११ प्रो आहे, त्यात ही सोय असते, त्यामुळे तिकडून अडचण नसावी. नेटवर्क प्रायव्हेट, फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ मोकळा, पिनऐवजी खात्याचा पासवर्ड. लॅपटॉप केबलने वरच्या जुन्या राउटरला लावला की लगेच जोडतं. खालच्या वायफायवरून मात्र पिंगलाही (साध्या जोडणी-चाचणीलाही) उत्तर नाही. डेस्कटॉपचा आयपी १९२.१६८.०.५, लॅपटॉपचा १९२.१६८.१.२०. म्हणजे जुना राउटर आपलं वेगळंच नेटवर्क चालवतोय, असा दाट संशय आहे. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता मुख्य राउटरचंच नेटवर्क पुढे नेणं) नाही. त्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करून खालच्या राउटरकडून येणारी केबल वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घातली, तर भागेल का? त्याचा स्वतःचा आयपी आधी बदलावा लागेल का? कुणी केलं असेल तर कृपया क्रम सांगा. महिनाअखेर आलीय, आईची फार ओढाताण होतेय.