शंख, विस्तव आणि माश्या : 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधल्या रूपकांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
विल्यम गोल्डिंगच्या या कादंबरीत (१९५४) निर्मनुष्य बेटावर अडकलेली मुलं शंख फुंकून सभा भरवतात, चष्म्याच्या काचेने जाळ पेटवतात आणि डुकराचं मुंडकं काठीवर खोचतात. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, हे सगळीकडे वाचायला मिळतं. शंका वेगळी आहे : या वस्तू प्रत्यक्षात तशा चालतात का? आणि मराठीत नेमके शब्द कोणते घ्यावेत? शीर्षकासाठी 'माशांचा राजा' सुचतंय.

उत्तर १ (शंख)
'शंख'च ठेवा, पण मराठीत त्याला दोन तोंडं आहेत हे लक्षात असू द्या. शंखनाद मंगल, 'शंख करणे' म्हणजे मात्र बोंब ठोकणे. शिवाय ढपोळशंख आहेच, तोंडभर आश्वासनं देऊन हातावर काही न टेकवणारा. कादंबरीतल्या सभांमध्ये झोपड्या बांधायचं सर्वानुमते ठरतं आणि बांधायला शेवटी दोघंच उरतात. मूळ इंग्रजीत नसलेला हा अर्थ मराठीत आयता मिळतो.

आकाराकडे बघा. कादंबरीतला शंख अठरा इंची आहे, म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. देवघरातला शंख (शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम) एवढा होत नाही, फार तर वीतभर. एकदा तरी 'हातभर लांब शंख' असं लिहा, नाहीतर वाचकाच्या डोळ्यांपुढे ताम्हनाशेजारचा शंख येईल. पूजेचा शंख तर वाजतही नाही, त्याचं टोक शाबूत असतं. फुंकायच्या शंखाचं टोक कापावं लागतं. गोष्टीत ते झिजून आपोआप भोक पडलेलं आहे. त्या भोकाला ओठ घट्ट लावून ते थरथरवायचे आणि जोर पोटातून द्यायचा. गाल फुगवून नुसती हवा सोडली की फुसका आवाज निघतो, आणि मुलांचा पहिला प्रयत्न तसाच होतो.

पुढे शंखाचा गुलाबी-पिवळा रंग उडून तो पांढरा पडतो. उन्हात शिंपल्यांचे रंग खरंच विटतात. अधिकार फिका पडण्याची ही खूण लेखकाने नुसती चिकटवलेली नाही, ती वस्तूतूनच आली आहे.

उत्तर २ (चष्मा)
इथे मात्र लेखक चुकला आहे. ज्याच्या चष्म्याने जाळ पेटवतात त्या पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे निकटदृष्टिता. त्याचं भिंग अंतर्गोल, मायनस नंबरचं. ते किरण पसरवतं. कितीही मागेपुढे केलं तरी लाकडावर सूर्याचा ठिपका पडणार नाही.

प्लस नंबर असता तर? +२ च्या भिंगाचं नाभीय अंतर (जिथे किरण एकवटतात तिथवरचं) ५० सेंमी आणि सूर्याचा ठिपका साधारण साडेचार मिमी. ऊन त्यात जेमतेम शंभरपट गोळा होतं (भिंग ५ सेंमी रुंद धरून). +५ ला अंतर २० सेंमी, ठिपका दोन मिमीहून थोडा लहान, ऊन सातशेपट. +५ ने भरदुपारी वाळकं, कुजकं लाकूड धुमसतं. +२ ला काजळलेली चिंधी लागेल. कादंबरीत सूर्य कललेला असताना हे घडतं, म्हणजे काम आणखी अवघड.

मायनस काचेच्या खोलगट बाजूत पाणी भरावं, अशी तोड सुचवली जाते. −४ चं भिंग घ्या, पुढचा बाक +४ चा. पाणी भरल्यावर ते जेमतेम +१.३ होतं. त्यात काच आडवी धरावी लागते, म्हणून सूर्य डोक्यावर हवा. नाद सोडा.

रूपक म्हणून मात्र मराठीत गंमत होते. सगळ्यांत दूरदृष्टीच्या मुलाला निकटदृष्टिता! अनुवादात 'जाड भिंगाचा चष्मा' म्हणून पुढे सरकावं, दुरुस्ती करत बसू नये.

उत्तर ३ (आग)
सिग्नल फायरला, म्हणजे जहाजाला खूण म्हणून पेटवलेल्या आगीला, 'शेकोटी' नको, ती ऊब घेण्याची. 'वणवा' राखून ठेवा; शेवटी पेटतो तो वणवाच, आणि नेमका त्याचाच धूर बघून जहाज येतं. पेटवताना 'जाळ', टिकवताना 'विस्तव' असं वाटून घ्या. दिवसा जहाजाला ज्योत दिसत नाही, दिसतो धूर. त्यासाठी आधी निखाऱ्यांचा जाड थर हवा, मग वर ओला पाला. थर नसताना पाला टाकला तर विस्तव गुदमरतो. रात्री निखारे राखेखाली झाकायचे.

'विस्तव'चा मोठा फायदा म्हणजे 'दोघांतून विस्तव जात नाही' हा वाक्प्रचार. मुलांचा नेता राल्फ आणि शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक यांचं बिनसतं ते विस्तव विझल्यावरून, आणि पुढे जॅकची टोळी रात्री चष्मा चोरते तीही विस्तवासाठीच.

प्रश्नकर्ता
'धुनी' कसं वाटतं? अखंड जागती ठेवायची म्हणून.

उत्तर ३
अर्थ बसतो, पण लगेच साधू येऊन बसतो. तसं मुलांनी आग अखंड राखल्याचं खरं उदाहरण आहे : १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशाची सहा मुलं 'अता' बेटावर अडकली आणि सुमारे पंधरा महिन्यांनी सुटली. जोड्या करून पाळ्या लावल्या होत्या, विस्तव वर्षाहून जास्त टिकला. कादंबरीतली पाळी शिकारीच्या नादात मोडते. रूपकाचा सांधा तिथे आहे.

उत्तर ४ (शीर्षक)
मूळ इंग्रजी शीर्षक हे बआल-जबूब ('माश्यांचा स्वामी') या हिब्रू नावाचं शब्दशः रूप आहे. बायबलमध्ये (२ राजे, अध्याय १) एक्रोन या पलिष्टी शहराचा हा देव येतो. नव्या करारात त्याच नावाशी जोडलेला बालजबूल हा भुतांचा अधिपती. म्हणून 'राजा'पेक्षा 'स्वामी' किंवा 'धनी' बरा. मराठीत ख्रिस्ती वाचक सोडल्यास हा धागा फारसा कुणाला लागणार नाही, तो प्रस्तावनेत द्यावा.

माश्यांचं म्हणाल तर ते दृश्य अस्सल आहे. उष्ण हवेत निळ्या-हिरव्या माश्या मांसावर काही तासांत अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. मुंडकं मुलांना ज्याची भीती वाटते त्या कल्पित जनावराला शांत करायला ठेवलेलं आहे, तेव्हा 'भेट' किंवा 'नैवेद्य' लिहू नका. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : उतारा.

आणि 'माशांचा' नको. मासा–माशांचा, माशी–माश्यांचा. मुखपृष्ठावर 'माशांचा राजा' छापलंत तर लोक पापलेट समजतील.