दीपपंखीची अळी कुठाय?

दीपपंखी या आपल्या गोष्टीतल्या काल्पनिक फुलपाखराबद्दल वर सगळ्यांनी लिहिलेलं वाचलं, तरंगती बेटं, रात्री चमकणारे पंख, चांदणं पिऊन जगणं वगैरे, भारीच जमलंय, पण सगळे पंखांवरच अडकलेत राव, अळीचं काय? फुलपाखराचं खरं खाणं नि वाढणं अळी असतानाच होतं, आणि चांदण्यावर अळी पोसेल असं मला तरी वाटत नाही :)

माझ्याकडून थोडी भर. युरोपात लार्ज ब्लू म्हणून फुलपाखरू आहे, त्याच्या अळीला मुंग्या आपलंच पिल्लू समजून वारुळात उचलून नेतात आणि ही बया आत बसून त्यांचीच पिल्लं खाते! ब्रिटनमधे चराई कमी झाली, गवत वाढलं, जमीन गार पडली, त्या ठराविक मुंग्या घटल्या आणि 1979 साली फुलपाखरू तिथून नामशेष, नंतर स्वीडनमधून आणून परत वसवलं.

तर आपल्या बेटांवर मुंग्यांच्या जागी गोष्टीतली ती दगडमाणसं घ्या ना, ज्यांचा कोणीतरी वर उल्लेख केलाय. ती दीपपंखीच्या अळीला तान्हं बाळ समजून पाळतात, आणि एक दिवस कोष फुटून बाळ उडून जातं. दगडमाणसांनी बेट सोडलं की दीपपंखी पण संपली, मग एखाद्या राजाने तिच्यासाठी कितीही बागा लावल्या तरी.

आणि ते पंखांच्या निळ्या 'रंगद्रव्या'ची तस्करी वालं कथानक प्लीज बदला, मॉर्फो नावाच्या फुलपाखराचा निळा रंग रंगद्रव्याने नाही, तर पंखांवरच्या खवल्यांच्या बारीक रचनेमुळे दिसतो, तसंच इथे ठेवलं तर पंख कुटून चोराच्या हातात नुसती तपकिरी भुकटी येईल, ते जास्त मजेशीर आहे.